बोकडाच्या काट्यावरची लेक

"हलू नको गं बबे... आगं, बोकड बी येवढं हलत न्हाई!"

लिंबाच्या आडव्या फांदीला काटा लटकवलेला, काट्याच्या आकड्याला पोत्याची झोळी, आणि त्या झोळीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या छत्तीस वर्षांच्या बबितानं श्वास रोखून धरला... जणू श्वासालाही वजन असतं! वर काट्यातले लाल आकडे थरथरले, मागंपुढं झाले आणि एका जागी थांबले. मुंजाजीनं, तिच्या बापानं, चष्मा वर ढकलला आणि गिऱ्हाइकाला बोकडाचं वजन सांगावं तशा कोरड्या आवाजात जाहीर केलं,

"शहाऐंशी पूर्णांक चार."

गेल्या गुरुवारी ते शहाऐंशी पूर्णांक एक होतं.

ओट्यावर बसलेल्या जीवननं, तिच्या धाकट्या भावानं, हळूच मान दुसरीकडं वळवली... आणि त्या वळलेल्या मानेनं बबिताच्या काळजावर जो घाव घातला, तो त्यानं तोंडभर शिव्या दिल्या असत्या तरी बसला नसता! दारात उभी असलेली दगडाबाई, दोघांची माय, पदराचं टोक तोंडात धरून भरकन आत निघून गेली. फक्त शेजारची बायनाबाई, जी दर गुरुवारी हा सोहळा बघायला भाजी निवडत निवडत यायची, तिला राहवलं नाही.

"काय बाई एकेक!" ती म्हणाली. "आमी लेकी दिल्या त्या बी बिनावजनाच्या. आन् इथं नुसता किडनीचा एक गोळा द्यायचा तर हप्त्याला काटा!"

मुंजाजीनं मात्र काट्यावरच संशय घेतला. त्यानं लेकीला उतरवून त्याच झोळीत एक बोकड टाकलं. पाडव्याला ते चौतीस किलो भरलं होतं. आज एकतीस भरलं.

"काटा बरोबर हाय," तो खिन्नपणे म्हणाला. "बोकड उतरलंय."

या सगळ्या तोलण्याला कारण होतं. जीवनच्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी निकामी झालेल्या. दर सोमवारी आणि शुक्रवारी परभणीला जाऊन चार चार तास मशीनला रक्त धुवायला द्यायचं आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखं घरी यायचं, हे त्या एकोणतीस वर्षांच्या पोराचं आयुष्य. मायचं रक्त जुळलं नाही. बापाला साखर. जुळलं ते परभणीत दिलेल्या बबिताचं, आणि असं जुळलं की संभाजीनगरचे डॉक्टर खूश झाले. पण लगेच त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. किडनी उत्तम आहे, पण तिच्याभोवती माणूस फार आहे... ते असं म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच होता. अठ्ठ्याऐंशी किलोंवरून चौऱ्याहत्तरवर या, मग ऑपरेशन.

"चौदा किलो म्हंजी एक करडू," मुंजाजीनं तिथल्या तिथं हिशेब लावला. "एक करडू कमी करायचं. होतंय."

बबिताचा नवरा नागनाथ रिक्षा चालवायचा. त्यानं संमतीच्या कागदावर सही केली, पोरगी वैष्णवीला आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि बायकोला माहेरी पोचवलं. "मायच्या हाताखाली पथ्य नीट होईल," असं तो म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण मांजरीला दुधाच्या राखणीला बसवून चाललोय! तर बापानं ठरवलं, की चालायला वेगळं मशीन कशाला, लेकीनं शेळ्यांमागं चालावं. ती चालली. रोज पोखर्णीच्या रस्त्यानं ऊन होईपर्यंत चालली. चार महिन्यांत ती एक किलो सहाशे ग्रॅम उतरली आणि तिच्यासोबत चालून चालून बोकड तीन किलो.

गावाला नवल वाटायचं. बबिताला मात्र वाटत नव्हतं... कारण तिला कारण ठाऊक होतं!

माहेरी आल्याच्या पहिल्याच दुपारी ते तिला कळलं होतं. मायनं ताटात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एकच भाकर वाढली. बबितानं तुकडा मोडला, तर तो कडकन मोडलाच नाही... सायीसारखा बोटांत मावळला. ज्वारीच्या कोरड्या भाकरीला असं मऊपण येत नसतं. तिनं घास तोंडात टाकला आणि जिभेला लोणी कळलं. पिठातच मळलेलं, घरच्या शेळ्या-म्हशीचं, भरपूर लोणी!

"भाकर लय मऊ झाली गं माय?"

"यंदाची ज्वारीच तशी हाय," दगडाबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली.

एवढंच. त्या दिवशी दोघींमध्ये एवढंच बोलणं झालं, आणि पुढचे चार महिने त्या विषयावर दोघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही, खाण्यासाठी उघडलं तेवढंच. ताक म्हणून पेला यायचा, पण पेला तिरपा केला तरी त्यातलं 'ताक' खाली यायला तयार नसायचं. कारल्याच्या भाजीत कारलं शोधावं लागायचं, इतकं शेंगदाण्याचं कूट. जीवनसमोर ताटावर बसली की बबिता अर्धीच भाकर खायची आणि एक उसासा टाकून उठायची... आणि भाऊ ओट्यावर जाऊन आडवा झाला, की चुलीपाशी बसून उरलेली अर्धी आणि वरची दीड संपवायची. माय वाढायची, लेक खायची. दोघी एकमेकींकडं बघायच्या नाहीत. चोर दोन होते आणि चोरी एकच.

का खात होती ती? भूक लागत होती म्हणून? छे! भूक कधीच मेली होती. घशाखाली उतरणारा प्रत्येक घास तिला विस्तवासारखा लागायचा. पण काट्यावरचा आकडा उतरला, की ऑपरेशनची तारीख यायची. तारीख आली, की पांढऱ्या दिव्याखाली निजायचं, कुणीतरी कुशीत सुरी घालायचं... आणि आपण उठलोच नाही तर? वैष्णवीच्या वेण्या कोण घालील? या विचारासरशी तिचा हात आपोआप ताटाकडं जायचा. चौदा किलोंच्या आड ती लपून बसली होती. लहानपणी लपाछपीत कणगीमागं बसायची तशी, शोधायला येणारा सख्खा भाऊ आहे हे ठाऊक असूनही श्वास दाबून!

आणि तो भाऊ कसा होता? डॉक्टरांनी त्याला दिवसाला एक लिटर पाणी मोजून दिलेलं. भर उन्हाळ्यात तो बर्फाचा एक खडा गालात धरून तासभर बसायचा आणि वर बहिणीची समजूत घालायचा,

"आक्का, लय भूक लागली का गं? माझ्यापायी तुझे हाल व्हायलेत."

"न्हाई रे... होतंय सवय," ती म्हणायची, आणि तिच्या ओठाच्या कडेला लागलेलं लोणी चार महिने तिला पुसल्यासारखं वाटायचंच नाही.

पोळा चार दिवसांवर आला होता. त्या शुक्रवारी जीवन परभणीहून आला, तो नेहमीसारखा ओट्यावर आडवा झाला नाही. सरळ अंगणात आला. शेळ्या नुकत्याच आत घेतल्या होत्या, मुंजाजी दावं वळत होता, बबिता शेंगा फोडत होती. जीवनच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती आणि उजव्या हातात कागदाचा पुडा. त्यानं तो पुडा बहिणीच्या मांडीवर ठेवला. कागदाला तेलाचे डाग पडले होते.

"काय रे हे?"

"जिलबी. टेशनाजवळची, तुला आवडती ती. खा."

"येडा झालास का? मला चालत न्हाई..."

"आता चालती." तो दावणीच्या दगडावर बसला. त्याचा आवाज इतका शांत होता, की मुंजाजीचा दाव्यावरचा हात थांबला. "आक्का, मशीनला जोडायची ह्या हातातली नस आज बंद पडली. दुसऱ्यांदा. डॉक्टर म्हणले, दुसरीकडं नस करून बघू, पण किती दिवस चालंल सांगता येत न्हाई, तुझ्या बहिणीचं वजन कधी उतरणार? मी म्हणलो, तिचं नाव काढून टाका."

"जीवन!"

"ऐक. चार महिने झाले, तू अर्ध्या भाकरीवर हाईस. ऊन न्हाई, तहान न्हाई, शेळ्यांमागं फिरायलीस. आन् अंग उतरायचं नावच घेत न्हाई, तर त्यात तुझा काय कसूर? काही लोकांचं अंगच तसलं असतंय. माझ्यासाठी माझी बहीण उपाशी मरायली आन् मी तिच्या ताटाकडं बघत जगायचं, हे मला जमत न्हाई. मशीन जवर चालंल तवर चालंल. तू खा. माझ्यासमोर खा. पोटभर खाताना मला तुला एकदा बघायचंय."

कागद उघडलेला होता. जिलबीचा पाक बबिताच्या लुगड्यावर ठिपकत होता. आणि त्या क्षणी तिच्या अंतःकरणात इतके दिवस दडपलेलं काहीतरी कडाडून फुटलं... हा पोरगा स्वतःचा जीव माझ्या भुकेवरून ओवाळून टाकायला निघालाय, आणि मला भूकच नव्हती! एक दिवससुद्धा नव्हती!

"मी उपाशी न्हाई रे..." ती म्हणाली. मग तोच शब्द ओरडून म्हणाली, "मी उपाशी न्हाई! मी चोर हाय जीवन! तू उठला की मी खात होते. लोण्याची भाकर, कूट, सायीचं ताक... पहिल्या दिवसापासून! लहानपणी तुझं दूध अर्धं मी प्यायची, आता तुझा जीव खायले! मला मार... आबा, तुमी तरी मारा मला!"

चुलीपाशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दगडाबाई दारात आली. तिचे दोन्ही हात पिठानं माखलेले होते आणि पिठातून लोण्याचा चकाकता ओशटपणा दिसत होता. लपवायला आता पदरही धरता येत नव्हता.

"तिला काय म्हणू नको," ती म्हणाली. "तिनं मागितलं न्हाई. मी घातलं. ह्या हातानं घातलं."

"माय... का?" जीवननं विचारलं. त्या 'का'मध्ये राग नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

"का म्हणून काय विचारतोस रे!" त्या माउलीच्या मुखातून शब्द नव्हे, आतडं बाहेर पडत होतं. "एक लेकरू मशीनवर घातलं, ते दोन वर्षं बघायले. आता दुसरं सुरीखाली घाल म्हणतेत. तुला वाचवायचं तर हिला कापायचं... हिला राखायची तर तुला जाऊ द्यायचं... दोन डोळ्यांतला कोणता फोडू म्हणून कुणी मायला विचारतंय का? मला हो म्हणता येईना, न्हाई म्हणता येईना. मग मी पीठ मळलं. मला दुसरं काय येतंय?"

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि पिठाचे हात कपाळावर मारून घेऊ लागली. बबितानं धावत जाऊन ते धरले. मायलेकींचे चार हात, लोणी, पीठ, पाक... सगळं एकमेकांत माखलं.

मुंजाजी अजून दावं हातात धरून उभा होता. मग त्यानं ते खाली टाकलं.

"मला बी म्हाईत होतं," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

तिघांनीही त्याच्याकडं पाहिलं.

"चाळीस वर्षं झाली, जनावर नुसतं बघून वजन सांगतो. परभणीच्या बाजारात लोक काट्याच्या अगुदर मला विचारतेत. अर्ध्या भाकरीवर चालणारं अंग कसं दिसतंय, ते मला कळत न्हाई का? दर गुरुवारी मी वजन करायचो आन् मनात म्हणायचो, मुंजा, तू बोल... बोललो न्हाई. दोन्ही माझीच हायत."

जीवननं मायकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. शेवटी त्याची नजर दावणीला बांधलेल्या, बरगड्या दिसू लागलेल्या त्या बोकडावर जाऊन थांबली.

"म्हंजी ह्या घरात," तो सावकाश म्हणाला, "खरोखर पथ्यावर असलेले आमी दोघंच. मी आन् हे."

तो एकटाच हसला... हसता हसता त्याचे खांदे हलू लागले, आणि मग त्या हसण्याचं काय झालं ते कुणाला कळलं नाही, पण त्यानं तोंड गुडघ्यात घातलं आणि लहानपणी पडल्यावर रडायचा तसा मोठ्यानं रडला. जिलबी शेवटी बायनाबाईच्या नातवंडांनी खाल्ली. त्या घरात ती कुणालाच चालत नव्हती.

दुसरा दिवस तो कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बबिता चहा घेऊन त्याच्या खाटेपाशी गेली. त्यानं कप घेतला नाही, तशी ती तो कप हातात घेऊनच खाली बसली.

"तुला राग आला का?"

"न्हाई," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "खोटं बोललो. लय आला."

"यायलाच पाहिजे."

"येवढं भ्याव वाटत होतं तर सांगायचं होतंस की, आक्का. मी काय कर्ज वसूल करायला बसलो होतो का?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणला असतास. आन् तू नको म्हणला असतास, तर मला बरं वाटलं असतं." तिनं खालमानेनं सांगितलं. "ते बरं वाटणं मला नको होतं. त्याच्यापरीस भाकर बरी."

जीवन पत्र्याकडं बघत राहिला. "मला बी भ्याव वाटतंय," तो म्हणाला. "मरायचं न्हाई. तुला काही झालं आन् मी वाचलो, तर माय रोज मला वाढताना काय बघंल, त्याचं."

अंगणात शेळ्या ओरडत होत्या. बबिताच्या हातातला चहा निवून गेला होता. या भावासमोर आपण कधी खरी भूक घेऊन बसलो नाही आणि खरी भीती घेऊनही बसलो नाही, हे तिला त्या घडीला जितकं बोचलं, तितकं आधी काहीच बोचलं नव्हतं.

"जीवन... भीत भीत दिली तर चालंल का रे?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

"चालंल," तो म्हणाला. "मी बी भीत भीतच घेईन." आणि त्यानं तो गार चहा दोन घोटांत पिऊन टाकला. त्या दिवसाच्या पाण्यातले तेवढे घोट त्यानं आपले आपणच वजा केले.

त्याच दुपारी मुंजाजीनं दवाखान्यात फोन लावून लेकीचं नाव परत घालायला सांगितलं. समोरची बाई म्हणाली, नाव काढलंच नव्हतं, पेशंट चिडून असं बोलतात. मुंजाजीनं तिला तीन वेळा "देव तुमचं भलं करो" म्हटलं आणि फोन उलटा धरूनच खिशात घातला.

मग मात्र भाकर कडकन मोडू लागली. दगडाबाईनं लोण्याचं गाडगं बायनाबाईकडं नेऊन ठेवलं आणि स्वतःच्या ताटातही लेकीइतकंच वाढून घेतलं. एक भाकर, पाणचट वरण, पालेभाजी. "तू कशाला गं?" म्हटलं तर ताट पुढं ओढून खायला लागायची. बोकडाची सुटका झाली. आता पहाट उजाडली, की मायलेकी दोघीच पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळापर्यंत चालत जायच्या आणि बाहेरूनच हात जोडून माघारी फिरायच्या, कारण आत प्रसाद असायचा. वाटेत बबिता विचारायची, "माय, आज भ्याव वाटायलंय का?" दगडाबाई म्हणायची, "लय." "मला बी." आणि दोघी चालायच्या. खरी भूक काय असते ते बबिताला त्या पाच महिन्यांत कळलं. दुपारी तिचे हात कापायचे, स्वप्नात पुरणपोळ्या रांगेनं यायच्या, पण ती भूक तिला गोड लागायची, कारण त्या भुकेत खोटं नव्हतं. नवी नस कशीबशी चालत होती. आणि एका गुरुवारी, संक्रांतीच्या आधी, मुंजाजीनं काटा लावलाच नाही. दारातून येणाऱ्या लेकीकडं त्यानं नुसतं डोळे बारीक करून पाहिलं.

"त्र्याहत्तर," तो म्हणाला. "आन् वर थोडं." मग बायकोकडं वळून हळूच म्हणाला, "आन् तू आठ किलो उतरलीस. तुला कुणी सांगितलं होतं?"

दवाखान्यातल्या काट्यानं त्र्याहत्तर पूर्णांक सहा दाखवलं.

ऑपरेशनआधी किडनी देणाऱ्याला परवानगीच्या समितीपुढं बसवतात. टेबलापलीकडच्या मॅडमनी कागदावरून प्रश्न विचारले. किडनी स्वतःच्या मर्जीनं देताय? हो. कुणाचा दबाव? न्हाई. पैसे वगैरे? न्हाई.

"भीती वाटते का?"

"हो," बबिता म्हणाली. "लय वाटती."

मॅडमचं पेन थांबलं. "मग का देताय?"

बबितानं विचार केला. मोठं काहीतरी बोलायचं तिनं सोडून दिलं.

"भीती माझी हाय," ती म्हणाली, "आन् भाऊ बी माझाच हाय."

ऑपरेशनच्या दिवशी तिला आधी नेलं. पांढरा दिवा होताच. तो तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

जाग आली तेव्हा ती कुठं आहे ते तिला कळेना. कूस दगडासारखी जड होती, पापण्या उघडत नव्हत्या, पण कान जागे झाले होते. पडद्यापलीकडं पावलं वाजत होती. मग वॉर्डातल्या सुकेशनी सिस्टरचा आवाज आला, धावत आल्यासारखा,

"आजोबा! नवीन किडनी लगेच चालू झाली. जीवनला लघवी झाली!"

आणि मग तिचा बाप, चाळीस वर्षं भर बाजारात ज्यानं कधी आवाज चढवला नव्हता तो मुंजाजी, दवाखान्याच्या साऱ्या बोळाला सांगत सुटला, "माझ्या पोराला लघवी झाली! ओ भाऊ... ओ पाव्हणं... झाली बरं का! लघवी झाली!" कुणीतरी अनोळखी माणूस "अभिनंदन" म्हणाला. कुणीतरी पेढे कुठं मिळतात ते सांगू लागलं.

त्या सगळ्या गलक्यात एक आवाज फार बारीक होता. तो मायचा होता. ती हसत नव्हती.

"आन् माझ्या बबीला?" दगडाबाई विचारत होती. "बाई... माझ्या बबीला झाली का?"

"झाली ना, मावशी," सिस्टर म्हणाली. "त्यांनाही झाली. दोघंही छान आहेत."

मग दगडाबाईचा बांध फुटला. बबिताला पडद्याआडून हाक मारायची होती, पण जीभ टाळ्याला चिकटली होती, ओठ हलेनात... म्हणून ती नुसती ऐकत राहिली. भर दुपारी, दवाखान्याच्या त्या बोळात, अनोळखी माणसांच्या देखत, तिची माय दोन लेकरांच्या लघवीसाठी एकदमच रडत होती, आणि त्या रडण्यात कुणाचा वाटा किती, हे जगातला कुठलाच काटा सांगू शकला नसता.